एकवीस नंबरच्या दारात

१२ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू केराच्या टोपलीकडे निघाला असशील. जा, पण उभ्या उभ्या एक पान तरी वाच. टोपली कुठे पळून जात नाही.

मी आजारीबिजारी नाही, त्या कारणाने लिहितेय असं समजू नकोस. सत्त्याहत्तर पूर्ण झाली. गुडघे सोडले तर सगळं जागच्या जागी आहे.

नगरसभेचं पत्र आलंय. करड्यांनी पुन्हा सभागृह मागितलंय.

हो, तेच सभागृह. आता ते करडे सदरे घालत नाहीत, छान बेतलेली जाकिटं घालतात. पक्षाचं नावही नवं आहे. पण अर्जाखालची सही त्यांच्या तेव्हाच्या पुढाऱ्याच्या, गोडबोल्याच्या नातवाची आहे. आईने ठेवलेलं हे ‘गोडबोल्या’ नाव आता इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे, खरं नाव कुणाला आठवत नाही. आईला कळलं असतं तर चार शेजारणींना बोलावून ऐकवलं असतं.

सोळा मार्चला जाहीर सुनावणी आहे, सभागृह द्यायचं की नाही यावर. सेहेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या सभेची अख्खी नोंद जिच्याकडे आहे अशी एकमेव बाई म्हणून मला बोलावलंय. तिथे जे सांगायचं ते मी आधी तुला लिहून पाठवणार आहे. चुकलं असेल तिथे लाल पेन्सिल मार. मी तिसऱ्या रांगेत होते, तू वर गॅलरीत. दोघांचं मिळून ते सभागृह पुरं दिसलं होतं.

बाबांपासून सुरू करावं लागेल. सुनावणीच्या अध्यक्षबाई तरुण आहेत, त्यांना बाबा कसे माहीत असणार? म्हणून असं लिहिलंय:

‘माझे वडील दुसऱ्या देशात एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. तिथेही अशीच माणसं होती, फक्त सदऱ्याचा रंग वेगळा. त्यांनी आधी सभागृह घेतलं, मग चौक घेतला, मग देश. एका दुपारी छापखाना फोडून खिळ्यांची खोकी रस्त्यावर ओतली. आईला घेऊन वडील इकडे आले तेव्हा त्यांच्या खिशात शिशाची तीन अक्षरं निघाली. कशीही जुळवली तरी त्यांचा शब्द होत नव्हता.’

ही गोष्ट आपण दोघांनी एकाच टेबलापाशी बसून ऐकली. मी त्यातून शिकले की कुणाचंच तोंड दाबायचं नाही, कारण ती सवय एकदा लागली की फिरून आपल्याच दारात येते. तू शिकलास की त्यांना सभागृहच द्यायचं नाही. बाबा लवकर गेले, नाहीतर विचारलं असतं, तुम्हाला नक्की काय सांगायचं होतं? आई म्हणायची, “दोघांनी बापाचं बोलणं वाटून घेतलंय, आणि दोघांनाही वाटतंय मोठा वाटा आपल्यालाच मिळाला.”

एवढं बरोबर आहे का, कळव.

तुझी
ताई


२० फेब्रुवारी

भोंग्या,

उत्तर नाही. पण पाकीटही परत आलं नाही, म्हणजे तू ते घेतलंस. तेवढ्यावर पुढे लिहिते.

सभागृह द्यायचं की नाही यावर नगरसभेत दोन दिवस वाद झाला. मी तिथली लघुलेखिका, मिनिटाला एकशे साठ शब्द. वही आत्ता समोर आहे. शाळामास्तर सभासद म्हणाले होते, “ज्याला बोलण्याची मुभाच मोडून टाकायची आहे, त्याला ती मोडायला आपणच हातोडा द्यायचा का?” डॉक्टर सभासद म्हणाले, “आज आपण नाकारू. उद्या नाकारायची किल्ली कुणाच्या हातात असेल, सांगता येतं का कुणाला?” दोघंही प्रामाणिक होते. डॉक्टरांची बाजू एका मताने जिंकली.

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा तू जेवत होतास.

“आणि तू काय केलंस?” तू विचारलंस.

“लिहून घेतलं. तेच माझं काम आहे.”

“वा! घर जळत असलं तरी लिहून घेशील. आधी पडदा पेटला, मग खुर्ची.”

“बोलू दे रे त्याला. बोलला की उघडा पडेल. पेपरवाले त्याचं बोलणं धुऊन, इस्त्री करून छापतात, म्हणून तर तो लोकांना शहाणा वाटतो. मी शब्दन्‌शब्द टिपीन.”

“ताई, तुझा शब्द कागदावर पडेपर्यंत त्याचा दगड कुणाच्या तरी डोक्यात पडलेला असतो.”

आई म्हणाली, “जेवताना सभा नको.” तू ताट ढकलून उठलास. त्यानंतर त्या टेबलावर आपण तिघं पुन्हा कधी एकत्र जेवलो नाही, हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

रविवारी दुपारी तीनला सभा होती. मला कुणी पाठवलं नव्हतं, मी आपल्या मर्जीने गेले. डावीकडची कडेची खुर्ची, दोन्ही टोकांना तासलेल्या चार पेन्सिली. पहिला अर्धा तास तो आयांबद्दल, भाकरीबद्दल, मानाबद्दल बोलला. खोटं कशाला सांगू, छान बोलला. माझ्या शेजारच्या बाईंनी दोनदा डोळे पुसले.

मग त्याने खिशातून कागद काढला.

“शिंप्यांच्या गल्लीत कोण राहतं ते आपल्याला माहीत असलेलं बरं,” तो म्हणाला, आणि वाचायला लागला. “नऊ नंबर. तीन खोल्या, अकरा माणसं. सतरा नंबर. म्हातारा आणि त्याचे दोन मुलगे. तिघांनाही काम आहे. तुमच्या मुलाला आहे का? एकवीस नंबर. बाई आणि दोन मुलं, नवरा बोटीवर...” अशी एकोणीस घरं वाचली. त्या गल्लीतली माणसं आपल्या बाबांसारखीच बाहेरून आलेली. वाचून झाल्यावर कागदाची घडी घातली आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “मी काही करा म्हणत नाही. मी फक्त पत्ता सांगतो.”

या वाक्यालाही माझी पेन्सिल थांबली नाही. लघुलिपीच्या रेघा आजही वाचता येतात. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी मरेपर्यंत सोडणार नाही.

तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला. डेपोचा भोंगा बिघडला की पाळी सुटल्याचं तुलाच ओरडायला सांगायचे, त्यावरूनच तुझं नाव पडलं. तुला ध्वनिक्षेपक कशाला लागतो?

“ह्याला इथून जिवंत बाहेर जाऊ देऊ नका!”

मी तेही लिहिलं. बोलणाऱ्याचं नाव कंसात लिहायची शिस्त असते. मी कंसात तुझं नाव लिहिलं.

पुढे खुर्च्या उडाल्या. गोडबोल्या मागच्या दाराने गेला. त्याची माणसं पुढच्या दाराने निघाली आणि सरळ शिंप्यांच्या गल्लीकडे वळली.

ताई


१ मार्च

भोंग्या,

अजून लाल पेन्सिल नाही. म्हणजे सगळं बरोबर आहे, किंवा तू हट्टी आहेस. दोन्ही असेल.

आता खटल्याचं.

सतरा नंबरला लावलेल्या आगीत तिथला म्हातारा शिंपी धुराने गुदमरला आणि तिसऱ्या दिवशी इस्पितळात वारला. गोडबोल्यावर चिथावणीचा खटला भरला. तो म्हणाला, मी कुठलेही पत्ते वाचले नाहीत, मी आयांबद्दल बोललो. पेपरांत तेच होतं. दोन बातमीदार तर शपथेवर म्हणाले की त्यांना पत्ते ऐकूच आले नाहीत. पुढच्या रांगेत बसले होते, बिचारे. उरली माझी वही.

साक्षीच्या दिवशी दुपारच्या सुट्टीत सरकारी वकिलांनी मला व्हरांड्यात गाठलं. भला माणूस होता. हातात चहाचा कप, आणि तो कपाकडेच बघत बोलला, “बाई, गॅलरीतली एक ओळ... पेन्सिल पुसट झाली असेल, नाही का? गर्दीत कोण ओरडलं ते खात्रीने सांगता येत नाही, असं होऊ शकतं.”

मी म्हटलं, “माझी पेन्सिल पुसट होत नाही.”

तोवर तुझ्यावर फिर्याद नव्हती. गॅलरीत चारशे माणसं होती आणि पोलिसांना कोण ओरडलं ते ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते मला.

मग बचावाचे वकील उठले. चष्मा पुसत पुसत म्हणाले, “आपण सगळं लिहिलंत? की आमच्या अशिलाचं तेवढंच?”

“सगळं.”

“गॅलरीतूनही कुणी काही बोललं?”

“हो.”

“वाचा ना मग. कोण बोललं त्यासकट.”

तू मागच्या बाकावर, दाराजवळ, टोपी मांडीवर ठेवून बसला होतास. मी वाचलं. तुझं वाक्य वाचलं आणि कंसातलं नावही वाचलं.

वकिलांना वाटलं की आता आपण जिंकलो, दंगल गॅलरीने पेटवली असं दाखवता येईल. पण न्यायाधीशांनी निकालात काय लिहिलं ते मला तोंडपाठ आहे: ‘जी साक्षीदार सख्ख्या भावाचं वाक्य गाळत नाही, तिने इतर कुणाचं वाक्य पदरचं घातलं असेल असं मानायला हे न्यायालय तयार नाही.’ गोडबोल्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. दोन वर्षांत या शहरात करडा सदरा वाळत घालायलाही लोक लाजायला लागले. तुझ्या त्या ओळीमुळे बाकीच्या चाळीस पानांवर विश्वास बसला, भोंग्या.

आणि तुझ्यावर जिवे मारण्याच्या धमकीची फिर्याद झाली. चौदा महिने.

सुटलास आणि दुसऱ्या शहरात गेलास. आई गेली त्या वेळी आलास तेव्हा माझ्या समोरच्या बाजूला उभा राहिलास आणि तिकडूनच निघून गेलास.

मी खरं बोलले. शपथेवर बोलले. आजही तसंच बोलेन. सुनावणीतही हे असंच सांगणार आहे.

ताई


९ मार्च

भोंग्या,

तीन दिवस झाले, पानं लिहितेय आणि फाडतेय. मागच्या पत्रातली एक ओळही खोटी नाही. तरी ते पत्र पुन्हा वाचलं आणि माझी मलाच लाज वाटली. त्यात एक गोष्ट नाही.

मी सभागृहातून घरी गेले नव्हते. गर्दीच्या मागोमाग शिंप्यांच्या गल्लीपर्यंत गेले. कोपऱ्यावर बटणांचं दुकान होतं ना, त्याच्या बंद फळीला टेकून उभी राहिले. सतरा नंबर पेटलं होतं. एकवीसच्या दारात तू होतास.

तुझ्याबरोबर डेपोतले तिघं, पण ते पायरीवर, आणि तू दारात. दोन्ही हात चौकटीला लावून. आतून एक लहान मूल रडत होतं. त्यांनी तुला ओढलं. तू सुटला नाहीस. मग एकाने लोखंडी गज मारला, डाव्या खांद्यावर. तो आवाज मी कोपऱ्यावर ऐकला. तू खाली बसशील असं वाटलं. तू नुसता डावा हात लोंबत सोडलास आणि उजव्याने चौकट धरून ठेवलीस. बंबाची घंटा ऐकू येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. तेवढ्या वेळात तू, ज्याला अख्खं शहर भोंगा म्हणतं तो, एक शब्द बोलला नाहीस.

माझ्या हातात वही होती. मी ती मिटली. कुणी बोलत नव्हतं, म्हणून लिहायचं काही नव्हतं.

तुझ्या खटल्यात तुझ्या वकिलाने डेपोतल्या तिघांना उभं केलं. न्यायाधीश म्हणाले, हे तर आरोपीचे मित्र. मला कुणी बोलावलं नाही, कारण मी तिथे होते हेच कुणाला माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. त्या दिवसांत या शहरात ज्या एका बाईच्या शब्दावर न्यायालय डोळे मिटून विश्वास ठेवत होतं, ती बाई घरात बसून राहिली.

मी स्वतःला सांगायचे की गोडबोल्याचं अपील चालू आहे. आता भावाच्या बाजूने बोलले तर त्याचे वकील म्हणतील, बघा, शेवटी रक्ताकडेच गेली, आणि चाळीस पानं पाण्यात जातील. हे कारण खरं होतं, अगदीच बहाणा नव्हता. पण अपील फेटाळलं गेलं तेव्हा तुझे सात महिने उरले होते. तेव्हा कुठलं कारण होतं?

तेव्हा मला ‘भावालाही न सोडणारी’ म्हणून लोक रस्त्यात नमस्कार करत होते. मला ते आवडत होतं.

सुनावणीत हे सांगायचं की नाही, ते तुला विचारत नाही. सांगणार आहे.

ताई


१७ मार्च

भोंग्या,

काल झालं.

खोली गच्च भरली होती. अध्यक्षबाईंनी मला बसून बोलायला सांगितलं, मी उभी राहिले. नोंद घ्यायला एक तरुण मुलगी होती, लॅपटॉपवर. बोटं चांगली चालतात, पण मान फार वाकवते. तिला नंतर सांगितलं, पन्नाशीत पस्तावशील.

नातू समोर बसला होता. आजोबांसारखाच गोड आवाज, आणि फार सभ्य. माझी साक्ष सुरू असताना परवानगी मागून म्हणाला, “आजी, मी सगळं ऐकलं. तुम्ही तेव्हाही म्हणाला होतात की बोलू द्या. म्हणजे तुम्ही आमच्याच बाजूच्या झालात की.”

मी म्हटलं, “नाही बाळा. मी तुझ्या बोलण्याच्या बाजूची आहे, तुझ्या बाजूची नाही. हा फरक आजोबांना विचारला असतास तर त्यांनी समजावला असता. विचार करायला त्यांना सहा वर्षं मिळाली होती.”

लोक हसले. तोही हसला, पण डोळ्यांनी नाही.

मग मी माझं म्हणणं सांगितलं. सभागृह द्या. पण पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत नोंद नगरसभेने घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी न धुता, न कापता छापायची. आणि कुणाच्या घराचा, गल्लीचा उल्लेख झाला की त्या क्षणी दिवे बंद, सभा संपली. मत मांडणं वेगळं आणि पत्ता सांगणं वेगळं. जमावाला पत्ता सांगतो तो माणूस बोलत नसतो, तो बोट दाखवत असतो.

एक सभासद म्हणाले, “आणि त्याने पत्ता न सांगता तेच काम केलं तर?” हा तुझाच प्रश्न होता, भोंग्या. मी खरं तेच सांगितलं, की त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. म्हणून वहीबरोबर दारात उभी राहणारी माणसंही लागतात, आणि एवढं समजायला मला फार वर्षं लागली.

“आता मला माझ्या भावाबद्दल सांगायचं आहे,” मी म्हटलं.

तेच सभासद म्हणाले, “बाई, हे विषयाला धरून नाही.” नातवाच्या शेजारचा वकीलही उठला. अध्यक्षबाई म्हणाल्या, “बसा दोघंही. त्यांना बोलू द्या.”

मी सांगितलं. बटणांचं दुकान, गज, डावा खांदा, चौकट, सगळं. डेपोतल्या तिघांची नावंही सांगितली, तिघंही आता नाहीत. त्यांचं म्हणणं खरं होतं आणि ते खरं असल्याचं मला माहीत होतं, हे सांगितलं. मी का गप्प बसले तेही सांगितलं, नमस्कारांसकट. लॅपटॉपवाल्या मुलीची बोटं थांबली होती. माझ्याकडे बघत बसली होती. मी म्हटलं, “थांबू नका, लिहा. मी हळू बोलते.”

शेवटपर्यंत उभीच होते.

सभागृह द्यायचं ठरलं, आठ विरुद्ध पाच, दोन्ही अटींसकट. तू असतास तर टेबल उलटं केलं असतंस, माहीत आहे. सभा तीस तारखेला, दुपारी.

नोंदीची शिक्क्याची प्रत सोबत जोडली आहे. पान अकरा. तुझं पूर्ण नाव आहे, पुढे ‘व्यवसाय: वायरमन’, आणि खाली दीड पान. न्यायालय आता ते चौदा महिने परत देणार नाही. पण या शहराच्या दप्तरात आता दोन्ही गोष्टी आहेत, तू बोललास ते आणि तू केलंस ते.

ताई


३ एप्रिल

भोंग्या,

परवा सकाळी तू गाडीत बसलास आणि गाडी हलायच्या आत मला उत्तर सुचलं. खिडकीशी ओरडायला गेले, पण आपल्या घरात ते काम तुझ्याकडे आहे. म्हणून लिहिते.

आधी एक. तुझं कार्ड मी आरशाच्या कडेला अडकवून ठेवलंय. ‘ताई, तू बटणांच्या दुकानापाशी उभी होतीस. हिरवा कोट होता. मला तेव्हाच दिसलं होतं. तीसला येतो. सभागृहात पाऊल ठेवणार नाही.’ चार ओळी, आणि दोन चुका शुद्धलेखनाच्या. ते मी किती वेळा वाचलं हे तुला समोरासमोर सांगता आलं नाही. वाचून दाखवलेल्या ओळीचा तुला राग असेल असं मी सेहेचाळीस वर्षं समजत होते. तू तर एवढंच बघत होतास, की ही पाहिलेलं सांगते की नाही. मी तुरुंगात तुला दोनदा भेटायला आले आणि तू भेटला नाहीस, तेव्हाही तू त्याचीच वाट बघत होतास का? हे विचारायचं राहिलं.

सभेचं तुला सांगून झालंय, पण वादात तू अर्धं ऐकलं नाहीस. नातू चाळीस मिनिटं गटारं, खड्डे आणि दिव्याच्या खांबांवर बोलला. समोर साठ-सत्तर माणसं, त्यातली निम्मी पेंगलेली. नोंद घेणारी मुलगी एका बाजूला, मी एका बाजूला. दर दोन वाक्यांनी त्याची नजर आमच्याकडे यायची. शेवटी मी पेन्सिल खाली ठेवली आणि निघाले.

सभागृहात नाही म्हणजे तू शिंप्यांच्या गल्लीत, हे मी ओळखलं होतं, पण वाटलं होतं तू एकटा असशील. गल्लीच्या तोंडाशी आले तर नऊ नंबरपासून शेवटच्या घरापर्यंत प्रत्येक दारात सुनावणीतलं ऐकून आलेली माणसं. डेपोतले, शाळेतल्या बाई, दोन परिचारिका गणवेशात, शाळामास्तरांची मुलगी. आणि तू एकवीसच्या पायरीवर, कुणीतरी दिलेल्या स्टुलावर, पेपर वाचत. केस पांढरे. आता बरोबर बाबांसारखा दिसतोस, सांगून ठेवते.

त्या घरातली तरुण बाई तुला विचारत होती, “काका, तुम्ही कोण? कुणाकडे आलात?”

तू म्हणालास, “वायरमन. वायरिंग जुनं झालंय तुमचं, बघतोय.”

मग मीच सांगितलं कोण ते, रस्त्यात उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. माझा आवाज एवढा निघेल असं मला वाटलं नव्हतं. ती आत पळाली आणि आईला घेऊन आली. ती आई तेव्हा सहा वर्षांची होती, तेव्हा आतून रडणारी तीच. पुढे आली आणि तिने तुझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. बरोबर डाव्याच. तिला कुणी सांगितलं असेल? तिच्या आईने सांगितलं असणार, आणि न्यायालयाने कधी त्या आईला विचारलंच नव्हतं.

तू वर छताकडे बघत वायरिंगला नावं ठेवत राहिलास. पण मी बाजूने तुझं तोंड पाहिलं. मी तुझी बहीण आहे याचा एवढा अभिमान मला त्या न्यायाधीशांच्या निकालानेही वाटला नव्हता.

आणि मग घरी येऊन आपण तीन तास भांडलो. खालच्या शेजारीणबाई वर आल्या, “सगळं ठीक आहे ना?” तू त्यांना म्हणालास, “ठीक आहे. भावाबहिणीचं आहे, जुनं साचलेलं.” त्या बिचाऱ्या वाटीभर साखर मागून परत गेल्या.

तुझं शेवटचं म्हणणं असं होतं: “आज तो गटारांवर बोलला. तुम्ही त्याला सभ्य केलं नाही ताई, तुम्ही त्याला झाकायला शिकवलंत. उद्या सत्तर नाही, सातशे येतील, आणि मनातलं तो तेव्हा काढेल.” त्यावर मी भाताचं पातेलं पुढे सरकवलं, आणि आपण जिंकलो असं समजून तू दोनदा भात घेतलास.

तर उत्तर असं. ज्या दिवशी त्याच्या आजोबाने कागद काढला त्या दिवशी त्याला काही झाकावं लागलं नव्हतं. सगळं सभागृह ऐकत होतं आणि टाळ्या वाजत होत्या. या तीस तारखेला नातवाला झाकावं लागलं. का? खाली आम्ही दोघी टिपत होतो आणि गल्लीत तुम्ही होता. ज्याला मनातलं झाकावं लागतं त्याला अजून शहराची भीती आहे. आणि ज्या शहराची त्याला भीती आहे ते शहर अजून आपलं आहे. ते आपलं ठेवायला मी एकटी पुरत नाही आणि तू एकटाही पुरत नाहीस. यातलं अर्धं श्रेय तुझं आहे, पण मुद्दा माझा आहे.

यावर तुझं काहीतरी म्हणणं असणारच. ते लिहून पाठवू नकोस, तुझं अक्षर मला लागत नाही. येऊन सांग. पुढच्या रविवारी घरात मोठमोठ्याने आवाज होईल, घाबरू नका, असं मी शेजारणीला सांगून ठेवलंय.

तुझी
ताई